तपेल्यात दिसलेलं तोंड

खडकओहोळच्या माणसाला काहीही बोला, तो हसण्यावारी नेईल. पण त्याच्या पालिकेच्या पंगतीला नाव ठेवलंत, तर मग तुमची धडगत नाही. गाव केवढं म्हणाल, तर नकाशात चष्मा लावून शोधावं एवढं. पण नगरपालिकेला शंभर वर्षं झालेली, आणि पंगतीलाही तेवढीच. गावची माणसं पोटामागे कतारला आली तेव्हा मसाला, पापड, लोणची घेऊन आली, तशी ही पंगतही घेऊन आली. हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी रास लफानहून बस भरून, दुखानहून गाड्या काढून सगळे दोह्याला अल मुंतझात जमतात, एक हॉल भाड्यानं घेतात, केळीची पानं मांडतात आणि जेवायला बसतात.

आता पंगत म्हटली की तुम्हाला वाटेल, मज्जा असेल. कसली मज्जा हो! ही पंगत मेलेल्या माणसांच्या नावाची, आणि ती बसते तीच मुळी भीत भीत. पानं वाढून होतात, आमटीच्या वाफा नाकात शिरत असतात, आणि सगळं गाव हात मांडीवर ठेवून बसलेलं असतं. समोर चौरंगावर एकटा अध्यक्ष जेवतो. पान चाटूनपुसून जेवतो. मग तो गप्प बसून राहतो आणि गाव त्याच्या तोंडाकडे बघत राहतं. गावी तेवढा वेळ एक समई जळते. तिच्यातलं तेल संपलं आणि अध्यक्ष धडधाकट असला, की तो म्हणतो, "जेवा, गावकऱ्यांनो." त्याआधी कुणी शीत उचलायचं नाही. स्वयंपाक्यानंसुद्धा आमटीची चव बघायची नाही. आणि अध्यक्षानं लबाडी करू नये म्हणून आणखी एक पाचर मारून ठेवलेली आहे. पहिल्या रांगेतलं पहिलं पान त्याच्या स्वतःच्या लेकराचं. 'जेवा' म्हटलं की आधी ते लेकरू घास घेणार, मग बाकीचं गाव.

यंदा अध्यक्ष होता अरुणकुमार, आणि पहिल्या पानावर त्याची नऊ वर्षांची उर्वी.

अरुणकुमार एका बांधकाम कंपनीत फायनान्सचं काम बघायचा. बायको अलका, लेक उर्वी, आणि मुंतझातच दोन खोल्यांचा फ्लॅट. माणूस सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण या अध्यक्षपदासाठी मात्र त्यानं जिवाचं रान केलं होतं, आणि त्याला कारण होते त्याचे आजोबा.

आजोबा बहात्तर साली गावचे नगराध्यक्ष होते. दुष्काळाचं वर्ष. घराघरांत रेशनच्या मिलो ज्वारीवर आणि सुकडीवर दिवस निघत होते. तरी पालिकेनं कुठून कुठून धान्य गोळा करून पंगत घातली. माणसं दोन दोन दिवस उपाशी राहून आलेली. पहिल्या पानावर अरुणकुमारचे वडील, हरिदास, तेव्हा सात वर्षांचे. आजोबा जेवले, समई अर्धी जळली, आणि एकाएकी ते उठून ओरडले, "कुणी जेवू नका!" सगळं अन्न खड्डा खणून पुरलं. लोक भरल्या पानावरून उपाशी उठले. आणि आजोबांना पुढं झालं काय? काही नाही! दुसऱ्या दिवशी टणटणीत. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला पित्त झालं आणि आमच्या तोंडचा घास मातीत गेला. तेव्हापासून घराण्याला नाव पडलं, पंगतमोडे. हरिदासअण्णांना हे नाव शाळेत चिकटलं, लग्नात चिकटलं, ते अजून सुटलेलं नाही. मुलगा दोह्याच्या मंडळाचा अध्यक्ष झाला हे कळल्यावर अण्णा फोनवर रडले होते. म्हणाले, "एवढी एक पंगत नीट पार पाड रे बाबा. मग मी डोळे मिटायला मोकळा."

म्हणून अरुणकुमारनं यंदा काही कमी ठेवलं नाही. शंभरावं वर्ष, तेव्हा गावचं मानाचं तपेलंच मागवलं. तांब्याचं, जाडजूड, दोन माणसांनी धरावं असं. गावात ते गेली कित्येक वर्षं नुसतं पूजेला होतं. नगरपालिकेनं आतून कल्हई करून ते जहाजानं पाठवून दिलं. इथं ते मच्छिंद्रच्या ताब्यात गेलं. मच्छिंद्र रास लफानला फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये, पत्रा-पाइपाच्या कामात एकदम तरबेज, आणि मंडळाचा हौशी आचारी. दर वर्षी तो स्टीलच्या पातेल्यांत स्वयंपाक करायचा. तपेलं बघून म्हणाला, "काय हो हे, किती कळकट झालंय! आठ दिवस द्या माझ्याकडं. मग बघा."

आठ दिवसांनी तपेलं आलं ते असं, की लोकांनी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढले.

पंगतीच्या सकाळी आणखी एक विधी असतो. स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी अध्यक्षानं एकट्यानं रिकाम्या तपेल्यात वाकून तोंड बघायचं. बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. रामेश्वरकाकांनी बाहेरून विचारायचं. हे काका दुखानच्या तेलकंपनीत तीस वर्षं मुरलेले, मंडळातले सगळ्यांत थोरले. अरुणकुमारनं उत्तरं आठवडाभर घोकली होती, आरशासमोर उभं राहून.

"अध्यक्ष, तपेल्यात तोंड दिसलं का?"

तो वाकला. दिसलं. लख्ख दिसलं, मिशीचा केस न् केस दिसला. शेकोटीसमोर बसलेल्या माणसासारखं लालभडक तोंड.

"दिसलं."

"कसं दिसलं?"

"चांदीसारखं," अरुणकुमार म्हणाला. बाहेर टाळ्या पडल्या आणि त्यानं सुटकेचा श्वास सोडला. एक शब्द चुकला नव्हता.

दुपारी पानं मांडली. भात, वरण, बटाट्याची भाजी, शेवयांची खीर, आणि मानाच्या तपेल्यातली चिंचेची आंबट आमटी, प्रत्येक पानावर द्रोण भरून. बाकी सगळं स्टीलच्या पातेल्यांतलं. अरुणकुमार फेटा बांधून चौरंगावर बसला. समोर दहा पावलांवर उर्वी, एकटी, परकर-पोलक्यात, मांडीवर हात ठेवून. तिच्यामागे पोरांची रांग, मग बायका, मग पुरुष. अलका बायकांच्या रांगेत अगदी पुढं बसली होती. उर्वीनं सकाळपासून धावपळीत काही खाल्लं नव्हतं. ती चौरंगाकडे बघून ओठांनी म्हणाली, "बाबा, आय ॲम सो हंग्री."

त्यानं डोळ्यांनीच तिला दटावलं आणि जेवायला सुरुवात केली.

आमटीचा पहिला भुरका घेतला तेव्हाच जिभेला काहीतरी लागलं. चव म्हणावी तर चव नाही. लहानपणी किल्ली तोंडात धरल्यावर लागायचं तसं काहीतरी. त्यानं मनाशी म्हटलं, चिंच जास्त झाली असेल, मच्छिंद्रला चाखता येत नाही ना. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्यानं तोंड वाकडं होऊ दिलं नाही. द्रोण संपवला, पान संपवलं, हात जोडले.

इथं हॉलमध्ये समई लावता येत नाही. ज्योत दिसली की हॉलवाले दार दाखवतील. म्हणून दोह्याच्या पंगतीत समईऐवजी रामेश्वरकाका पंगतीचा इतिहास सांगतात. त्यांचं सांगणं संपेपर्यंत थांबायचं. पूर्वी ते तासभर सांगायचे. मग पोरं कुरकुरायला लागली, बस परतीची घाई करायला लागली, आणि इतिहास दर वर्षी थोडा थोडा आखडत गेला. आता काका उभे राहिले की मागून कुणीतरी इथल्या अरबीत घाई करतंच, "काका, यल्ला!"

काकांनी पुरुषांच्या रांगेत उभं राहूनच घसा खाकरला. "मंडळी, आपली नगरपालिका झाली ती इंग्रजांच्या काळात. पहिल्या सभासदांना वाटलं, आपण आता मोठे झालो. गावजेवण घालू, साहेबाला बोलवू. नवीन तपेली आणली तांब्याची..."

अरुणकुमारच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. खाण्याच्या आशेनं सुटतं ते नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते. त्यानं ते गिळलं. पुन्हा सुटलं, पुन्हा गिळलं. पोटात खाली कुठंतरी पीळ बसला आणि हळूच सुटला. भीतीनं होतंय हे, त्यानं स्वतःला समजावलं. आठवडाभर झोप नाही, सकाळपासून पोटात कण नव्हता, त्यात एवढं आंबट. होणारच.

"...कल्हईवाला म्हणाला, मला दोन दिवस द्या. सभासद म्हणाले, दोन दिवस कुठले, परवा साहेब येतोय! आता पोरांनो, कल्हई म्हणजे काय? तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवलं की तांबं उतरतं आणि त्याचं विष होतं. म्हणून आतून कथलाचा पांढरा थर देतात. तो थर नसलेल्या तपेल्यात पहाटे चिंचेची आमटी चढली. साहेबाला यायला उशीर झाला. आमटी दुपारपर्यंत तशीच तांब्यात राहिली..."

हे अरुणकुमारनं लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली गोष्ट, तिच्याकडे लक्ष कोण देतो?

"म्हणून मंडळी, आपला अध्यक्ष आधी तपेल्यात तोंड बघतो. कल्हई असली तर तोंड चांदीसारखं दिसतं. नसली, तर तांबडं."

अरुणकुमारच्या अंगातून एकदम वारं गेलं.

तांबडं. सकाळचं ते तोंड त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. शेकोटीसमोर बसल्यासारखं. लालभडक. त्यानं ते बघितलं होतं, नीट बघितलं होतं, आणि 'चांदीसारखं' म्हणाला होता. उत्तर पाठ होतं ना! उत्तर चुकायला नको एवढीच त्याला काळजी होती.

पण कल्हई तर गावाहून करून पाठवली होती. मग गेली कुठं? की आपल्यालाच तसं वाटतंय? खिडकीतून ऊन आलं असेल. खिडकी होती का तिथं? त्याला आठवेना. फेट्याखाली घाम सुटला आणि कानामागून ओघळायला लागला. त्याला ओरडावंसं वाटलं. आणि लगेच डोळ्यांपुढं खड्डा आला, अन्नानं भरलेला खड्डा, आणि अण्णांचा आवाज, एवढी एक पंगत नीट पार पाड रे. चुकीचं निघालं तर? पित्तच असलं तर? आजोबा तसा नातू. पन्नास वर्षांनी पुन्हा तेच घराणं, पुन्हा तेच. अण्णा हे ऐकून जगतील का?

अलका त्याच्याकडे टक लावून बघत होती. बायकोच ती, तिला नवऱ्याचा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार? तिनं भुवया उंचावून विचारलं, काय झालं? त्यानं मान हलवली. काही नाही.

काही नाही म्हणाला तो! आणि म्हणून मान खाली घातली, ती घातलीच. वर बघायची त्याची छाती होईना.

काका पुढं सांगत होते. सभासद साहेबाबरोबर वेगळ्या मांडवात, वेगळं रांधलेलं जेवले. गाव उन्हात पंगतीला बसलं. पहिली रांग पोरांची होती, कारण पोरांना भूक सोसत नाही. संध्याकाळपर्यंत त्या रांगेत काय झालं, ते काका दर वर्षी एका वाक्यात सांगतात. "मंडळी, ती रांग घरी गेली नाही." मग सभासद गावासमोर उघड्या डोक्यानं उभे राहिले आणि त्यांनी शपथ घेतली. इथून पुढं पहिला घास आमचा, आणि पहिलं पान आमच्या लेकराचं.

हॉलमध्ये एसीचा घुं घुं आवाज तेवढा येत होता. अरुणकुमारच्या पोटात दुसरा पीळ बसला आणि हा सुटेना.

"काका!" मागून शिवराज ओरडला. शिवराज म्हणजे मंडळातला नंबर एकचा टवाळ, लिमोझिन कंपनीची भाड्याची गाडी चालवायचा आणि तोंडही तेवढंच चालवायचा. "काका, बहात्तर सालचं राहिलं की! पंगतमोड्याचं!"

पुरुषांच्या रांगेत हशा पिकला. काकांनी हात वर केला. "गप रे शिवराज. माणूस समोर बसलाय." पण हशा काही लगेच थांबला नाही. कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, धरून ठेवा बरं का, खड्डा खणायला इथं नुसती वाळू आहे!" पुन्हा हशा.

अरुणकुमारचे कान तापले. आता तर अशक्यच. आता उठलो तर हे लोक हसून हसून लोळतील. काका अजून बोलतायत. अजून थोडा वेळ आहे. ते संपवतील, सगळे माझ्याकडे बघतील, तेव्हा ठरवू. तोवर कदाचित हे पोटातलं बसेलही. तोवर कुणी शीतही उचलणार नाही, रिवाजच आहे तसा. मेलेल्या पोरांच्या शपथेवर चाललेला रिवाज, तो कोण मोडेल?

त्यानं मान वर केली, आणि उर्वीचा द्रोण दिसला.

द्रोण रिकामा होता.

सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. उर्वी सगळ्यांच्या पुढं बसलेली, तिची सगळ्यांना फक्त पाठ दिसत होती. तिचं पान ज्याला दिसत होतं असा माणूस सबंध हॉलमध्ये एकच होता, आणि तो मान खाली घालून घराण्याच्या नावाची काळजी करत बसला होता. ती पोर उपाशी होती. तिनं हळूच द्रोण उचलला असेल, दोन घोट घेतले असतील, कुणी काही बोललं नाही म्हणून आणखी घेतले असतील. आता ती ओठ पुसत होती आणि तिच्या तोंडावर रंग नव्हता.

"जेवू नका!" अरुणकुमार किंचाळला. चौरंग उलटला, फेटा सुटला, तो आपल्या पानावरून उडी टाकून तिच्याकडे धावला. "कुणी हात लावू नका! आमटी ओता, ओता ती! उर्वी, किती प्यालीस? किती?"

"बाबा, आय ॲम सॉरी," ती रडायला लागली. "आय वॉज हंग्री. इट टेस्टेड लाइक कॉइन्स."

तिला पुढचं बोलता आलं नाही. ती त्याच्या अंगावरच ओकली. हिरवट, आंबट. अलकाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पोरांच्या रांगेतली दोनतीन पोरं रडायला लागली. मागं मात्र गलका उठला. "झालं! पंगतमोडे ते पंगतमोडे!" "अहो, पोरीला ऊन लागलं असेल!" "तासभर बसवलं राव उपाशी!" आणि त्या गलक्यातून मच्छिंद्र तरातरा पुढं आला, हातात आमटीची पळी. त्याचे डोळे भरले होते.

"माझ्या हातच्या अन्नात विष म्हणताय, साहेब? आठ दिवस ड्युटी करून रात्रीचा बसलोय मी त्या तपेल्यापाशी. हे बघा, मीच पितो!"

अरुणकुमारनं एका हातानं लेकीला धरलं होतं. दुसऱ्या हातानं त्यानं पळीला असा फटका मारला की आमटी भिंतीवर उडाली.

"मच्छिंद्र," रामेश्वरकाका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तपेलं आतूनसुद्धा घासलंस का रे?"

"आतून तर जास्त, काका. बफिंगचं मशीन लावलं. कसला राखाडी थर बसला होता आत, निघता निघेना. सगळा काढला. आत नुसतं सोन्यासारखं तांबं..."

तो बोलता बोलता थांबला. काकांनी अरुणकुमारकडे बघितलं. "सकाळी तोंड कसं दिसलं होतं?"

"तांबडं," अरुणकुमार म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तांबडं दिसलं होतं, काका. मी चांदीसारखं म्हणालो."

पानांसमोर बसलेली माणसं एक एक करून मागं सरकायला लागली. आयांनी पोरांचे हात धरले, बोटं हुंगून बघितली. आणि सगळ्यांत आधी उठून गाडीची किल्ली काढली ती त्या टवाळ शिवराजनं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "वहिनी, चला. दाराशी लावतो गाडी. चला लवकर!"

गाडीत उर्वी आणखी दोनदा ओकली. अरुणकुमार स्वतःही ओकत होता, पण त्याला त्याचं भानच नव्हतं. अलका पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदाच बोलली. "मी विचारलं होतं तुम्हाला. मान का हलवलीत?" त्यानं बाहीनं पोरीचं तोंड पुसलं.

हॉस्पिटलात इमर्जन्सीत पोरीला आत घेतलं, हाताला सलाइन लावलं, रक्त काढलं. डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाली की बरंचसं उलटून पडलंय ते चांगलं झालं, पण लिव्हर आणि किडनीकडे बघावं लागेल. "पोटात काही टिकलं, तर काळजी कमी. नाही टिकलं तर ॲडमिट. अजून काही सांगता येत नाही." अरुणकुमारनं मान डोलावली आणि बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसला. अजून काही सांगता येत नाही. हे वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं, आणि त्याच्याबरोबर ती रांग, घरी न गेलेली.

त्यानं अण्णांना फोन लावला. लपवून उपयोग नव्हता, गावात एव्हाना व्हॉट्सॲपवर पोचलंच असणार.

"अण्णा, पंगत मोडली. मी मोडली."

"पोरगी कशी आहे?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, मला वेळेत बोलता आलं असतं. तुमचं नाव, आजोबांचं नाव, हेच घेऊन बसलो मी. आणि तिनं..."

"मरू दे ते नाव! पोरगी कशी आहे ते सांग!"

त्यानं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला तुझ्या आजोबांनी पानावरून असं ओढलं होतं की दंड महिनाभर काळानिळा होता. घास तोंडाशी नेला होता मी. जन्मभर राग धरला रे मी त्या माणसावर." आणि त्यांनी फोन ठेवला.

दिवस कलला. उर्वीच्या ओठांना थोडा रंग आला होता. डॉक्टरीणबाईनं एक साधं बिस्किट आणून अलकाच्या हातात ठेवलं. म्हणाली, हळूहळू द्या, बघू टिकतंय का. उर्वीनं कोपरा कुरतडला. अलका आणि अरुणकुमार तिच्या गळ्याकडे बघत बसले. तिनं गिळलं. दोघंही श्वास रोखून बसले. तिनं आणखी कुरतडलं.

तेवढ्यात फोन वाजला. रामेश्वरकाका.

"काका, बघतायत अजून. बिस्किट दिलंय. तुमची जेवणं झाली ना?"

"जेवणं कुठली? मच्छिंद्रनं भात टाकला स्टीलच्या पातेल्यात, ताक केलं. पानं वाढलेली आहेत. गाव बसलंय."

"अहो काका, संध्याकाळ झाली! पोरं उपाशी असतील. जेवा तुम्ही, माझं काय घेऊन बसलात?"

"असं कसं?" काका म्हणाले. "पहिल्या पानाचं लेकरू जेवलेलं नाही."

काकांनी फोन स्पीकरवर टाकला असावा. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं, फक्त एसीचा तो घुं घुं आवाज आणि मधेच कुठलंतरी पोर खोकल्याचा आवाज. रास लफानची बस थांबली होती. दुखानची माणसं थांबली होती. तो मच्छिंद्र कुठंतरी भिंतीला टेकून उभा असेल. कुणी 'यल्ला' म्हणत नव्हतं. बहात्तर साली आजोबांसाठी गाव असं थांबलं नव्हतं.

उर्वीनं बिस्किट संपवलं. तिघंही बसून राहिले. फोन चालूच होता. बराच वेळ गेला, अलकाचा हात पोरीच्या पोटावर, अरुणकुमारचा अलकाच्या हातावर. डॉक्टरीणबाई आली, तिनं पोट दाबून बघितलं, रिपोर्टवरून नजर फिरवली, उर्वीला विचारलं, मळमळतंय का? उर्वीनं मान हलवली. बाई हसली आणि म्हणाली, "ठीक है."

अरुणकुमारनं फोन तोंडाशी नेला. त्याला ते शब्द म्हणायचे होते, आठवडाभर घोकलेले. पण तो नुसता हुंदके देत राहिला. पलीकडे सगळं गाव ते ऐकत होतं.

उर्वीनं सलाइन नसलेला हात पुढं केला आणि फोन घेतला. घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोर ती.

"जेवा, गावकऱ्यांनो," ती म्हणाली. "मी जेवले."